ताशी अडतीस

रिपोर्ट चार पानांचा होता. रंगीत आलेख, मुंगीएवढी अक्षरं, सगळं इंग्रजीत. डॉक्टरांनी त्यातल्या एकाच आकड्याभोवती पेनाने गोल केला आणि कागद माझ्याकडे वळवला. ३८. "ताशी," ते म्हणाले, गाडीचा वेग सांगावा तसं. झोपेत दर तासाला अडतीस वेळा माझा श्वास एकतर साफ थांबतो, नाहीतर इतका तोकडा पडतो की रक्तातला ऑक्सिजन खाली येतो. सात तासांची झोप धरली तर रात्रीत २६६ वेळा. मला यातलं एकदाही आठवत नव्हतं. आठवत होतं ते हिला.

तपासणी लिहून देण्याआधी डॉक्टरांनी तिलाच विचारलं होतं, "खूप घोरतात का?" तिने दिलेलं उत्तर मी तीस वर्षांत कधी ऐकलं नव्हतं. "घोरण्याचं काही नाही हो, त्याची सवय झालीय. मध्येच घोरणं थांबतं ना, त्यानं मला जाग येते. मग मी मोजत पडते." कितीपर्यंत मोजतेस, हे घरी आल्यावरही विचारायचा मला धीर झाला नाही.

आपल्या भाषेत या आजाराला रुळलेलं नाव नाही. घोरणं आहे, पेंगणं आहे, ढाराढूर आहे, कुंभकर्ण आहे. पण हे सगळे शब्द एकतर चेष्टेचे, नाहीतर कौतुकाचे. पाठ टेकताच ज्याला झोप लागते तो माणूस आपण सुखी समजतो. फेब्रुवारी २०२२ मध्ये संगीतकार बप्पी लाहिरी मुंबईत वारले, तेव्हा बातम्यांत कारण म्हणून 'ऑब्स्ट्रक्टिव्ह स्लीप अ‍ॅप्निया' हे नाव आलं आणि काही दिवस लोक एकमेकांना त्याचा अर्थ विचारत होते. अ‍ॅप्निया म्हणजे ग्रीकमध्ये श्वास नसणं. मग विषय मागे पडला आणि घोरणं पुन्हा विनोदात जाऊन बसलं.

शरीरात घडतं ते समजायला सोपं आहे. शहाळ्याच्या पाण्यातली कागदी नळी भिजून मऊ पडली की जोराने ओढताच चपटी होते, तसं. जिभेच्या मागचा घशाचा भाग हाडाच्या आधाराशिवायचा आहे. जागेपणी स्नायू त्याला उघडा धरून ठेवतात. झोप लागली की ते सैलावतात, आणि स्वप्नं पडतात त्या टप्प्यात सर्वांत जास्त. ज्याची नळी मुळातच अरुंद असते, म्हणजे मान जाड, हनुवटी मागे, टॉन्सिल मोठे किंवा जिभेच्या मुळाशी चरबी, त्याची ती आत ओढली जाऊन मिटते. छाती आणि पोट श्वास घ्यायला धडपडत राहतात, हवा मात्र जात नाही. ऑक्सिजन उतरतो, मेंदू काही सेकंदांपुरता जागा होतो, स्नायू ताणले जातात, एका मोठ्या आवाजासह हवा आत शिरते आणि पुन्हा झोप. दहा सेकंद किंवा त्याहून जास्त वेळ श्वास थांबला की त्याची एक नोंद होते. उथळ श्वासाच्या नोंदी त्यात मिळवून तासाची सरासरी काढली की तो गोल केलेला आकडा मिळतो. पाचच्या आत ठीक, पाच ते पंधरा सौम्य, पंधरा ते तीस मध्यम, तिशीच्या पुढे तीव्र.

एक बारकावा मला कोणी आधी सांगितला असता तर बरं झालं असतं. मी दोन वर्षं रात्री तीन-तीनदा लघवीला उठत होतो. साखर तपासून झाली, प्रोस्टेटची सोनोग्राफी झाली, दोन्ही ठाकठीक. बंद घशावर छाती जोर करते तेव्हा छातीच्या पोकळीतला दाब फार खाली जातो, हृदयाकडे रक्त जास्त ओढलं जातं, हृदयाला वाटतं शरीरात पाणी जास्त झालंय, आणि ते मूत्र वाढवणारं संप्रेरक सोडतं. म्हणजे मला बाथरूमकडे पाठवत होता तो माझा घसा.

आजार जुना असला तरी त्याची वैद्यकीय ओळख अगदी अलीकडची. चार्ल्स डिकन्सने १८३६-३७ मध्ये 'पिकविक पेपर्स' या कादंबरीत 'जो' नावाचा एक लठ्ठ, उभ्या उभ्या झोपणारा पोरगा रंगवला. १९५६ मध्ये अमेरिकेत बर्वेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लठ्ठपणा, मंद श्वसन आणि झोपाळूपणा एकत्र दिसणाऱ्या रुग्णाचं वर्णन करताना त्या पोराची आठवण ठेवून 'पिकविकियन' हे नाव दिलं. १९६५ मध्ये फ्रान्स आणि जर्मनीतल्या संशोधकांनी अशा रुग्णांच्या झोपेच्या नोंदी घेतल्या, तेव्हा श्वास थांबतो आहे हे कागदावर उमटलं. त्यानंतर बरीच वर्षं खात्रीचा उपाय एकच होता: गळ्याला भोक पाडून श्वासनलिकेत नळी बसवायची. दिवसा झाकायची, रात्री उघडायची.

जून १९८० मध्ये सिडनीच्या एका रुग्णाने हे भोक पाडून घ्यायला नकार दिला. तिथले डॉक्टर कॉलिन सुलिव्हन यांनी पूर्वी टोरांटोत कुत्र्यांच्या झोपेतल्या श्वसनावर काम केलं होतं आणि त्यांच्यासाठी मुखवटे बनवले होते. त्यांनी व्हॅक्यूम क्लीनरची मोटर उलटी वापरली, म्हणजे ओढण्याऐवजी फुंकायला लावली, नाकावर मुखवटा अक्षरशः चिकटवला आणि हवेच्या दाबाने घसा आतून उघडा धरला. दाब थोडा वाढवला की श्वास सुरळीत, कमी केला की पुन्हा घुसमट. त्या रात्री तो माणूस कित्येक वर्षांनी सलग झोपला. पाच रुग्णांवरचा हा अनुभव १९८१ च्या एप्रिलमध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. आज बाजारात मिळणारं, मोबाईलला जोडलं जाणारं, पिशवीत मावणारं सीपॅप मशीन त्याच उलट्या व्हॅक्यूम क्लीनरचं नातवंड. औषध नाही, ऑक्सिजन नाही, खोलीतलीच हवा, जरा जोरात. मला ऑक्सिजनच लागणार असं आमच्या निम्म्या नातेवाइकांना अजून वाटतं.

हे सगळं पाश्चात्त्यांचं, खाऊन-पिऊन सुटलेल्यांचं दुखणं, असं आपल्याकडे डॉक्टरही मानत असत. त्याला पहिला मोठा धक्का मुंबईतून बसला. हिंदुजा रुग्णालयाचे डॉ. झरीर उदवाडिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नेहमीच्या आरोग्य तपासणीसाठी आलेले ३५ ते ६५ वयाचे पुरुष पाहिले. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात १९.५ टक्के पुरुषांच्या झोपेत श्वास अडत होता, आणि ७.५ टक्क्यांना त्यासोबत दिवसाची पेंगही होती. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनच्या १९९३ सालच्या गाजलेल्या पाहणीत पुरुषांत हा दुसरा आकडा ४ टक्के होता. दोन्ही पाहण्यांची माणसं वेगळी, पद्धत थोडी वेगळी, तेव्हा नुसती वजाबाकी करू नये. पण आपण यातून सुटलो आहोत हा समज तिथे संपायला हवा होता. २०२३ मध्ये दिल्लीच्या एम्समधल्या डॉक्टरांनी भारतातले अभ्यास एकत्र मांडले तेव्हा प्रौढांत सरासरी ११ टक्के, म्हणजे कामकरी वयाचे सुमारे १०.४ कोटी लोक, असा अंदाज निघाला. आपल्याकडची माणसं फार लठ्ठ नसतानाही यात सापडतात. जबड्याची ठेवण लहान आणि चरबी पोटावर व मानेवर, असा तो घाट आहे. शर्टाच्या कॉलरचं माप हा डॉक्टरांच्या दृष्टीने उगीच विचारलेला प्रश्न नसतो.

त्याच मांडणीत पुरुष १३ टक्के, बायका ५. या पाचावर माझा पूर्ण विश्वास नाही. बाई घोरते हे घरात बोलायचंच नाही, असा रिवाज. पाळी गेल्यानंतर बायकांतलं प्रमाण चढतं, पण त्या दवाखान्यात घोरण्याची तक्रार घेऊन जात नाहीत. अंग मोडून येतं, सकाळी डोकं जड असतं, रात्री झोप तुटते, कशात लक्ष लागत नाही, अशा तक्रारी घेऊन जातात. मग थायरॉइड तपासलं जातं, हिमोग्लोबिन पाहिलं जातं, लोहाच्या गोळ्या मिळतात, 'या वयात होतं असं' हे ऐकायला मिळतं. शिवाय या आजाराला साक्षीदार लागतो, आणि तिचा साक्षीदार शेजारी घोरत पडलेला असतो.

साक्षीदाराचा प्रश्न एकट्या बायकांचा नाही. एकटं राहणारे, विधुर, वसतिगृहातली मुलं, डेपोच्या विश्रांतिगृहात झोपणारे ड्रायव्हर, यांना कोण सांगणार? कुणाला ते पहिल्यांदा रेल्वेच्या डब्यात कळतं, सकाळी समोरच्या बर्थवरच्या माणसाच्या चेहऱ्यावरून.

तपासणीचे दोन मार्ग आहेत. एक घरी: बोटाला ऑक्सिजनचा चिमटा, नाकाखाली नळी, छातीला पट्टा. दुसरा प्रयोगशाळेत: त्यात डोक्याला, डोळ्यांच्या कडांना, हनुवटीला, पायांना तारा लावतात, मेंदूच्या लहरीही टिपतात आणि रात्रभर एक तंत्रज्ञ बाहेर पडद्यावर तुम्हाला पाहत बसतो. मी दुसऱ्यात होतो. त्या तारांच्या जंजाळात झोप लागणारच नाही याची मला खात्री होती, आणि सकाळी मी तसं सांगितलंही. पडद्यावर सहा तास झोप दिसत होती. माणूस स्वतःच्या झोपेबद्दल फार खात्रीने चुकीचं बोलतो. दिवसाच्या झोपेसाठी ऑस्ट्रेलियाच्या मरे जॉन्स यांनी १९९१ मध्ये आठ प्रश्नांची एपवर्थ मोजपट्टी दिली, २४ पैकी दहाच्या वर गेलात तर पेंग जास्त. वाचता वाचता डोळा लागतो का, गाडीत शेजारी बसल्यावर, दुपारी जेवणानंतर, सिग्नलला. मी स्वतःला सहा दिले. हिने माझ्या वतीने चौदा दिले.

आता या लेखाचा खरा विषय: निदान हातात आहे, उपचार अजून नाही, असा मधला काळ.

इंग्लंडमध्ये हा काळ सरकार ठरवतं. तिथे सीपॅप मशीन एनएचएसकडून, म्हणजे सरकारी आरोग्यसेवेकडून, फुकट मिळतं, पण रांगेत. डॉक्टरने पाठवल्यापासून उपचार सुरू होईपर्यंत अठरा आठवड्यांची मुदत कागदावर आहे, ती पाळली जातेच असं नाही. लंडन किंवा लेस्टरमधला मराठी माणूस तिथे इतरांसारखाच पत्राची वाट पाहतो. शिवाय तिथे दुसरं एक पत्र त्याला स्वतः लिहावं लागतं. मध्यम किंवा तीव्र आजार असेल आणि दिवसा पेंग येत असेल तर गाडी चालवण्याचा परवाना देणाऱ्या खात्याला, डीव्हीएलएला, कळवणं बंधनकारक आहे. पेंग आटोक्यात आल्याशिवाय गाडी चालवायची नाही. लपवलं तर एक हजार पौंडांपर्यंत दंड. म्हणजे वाट पाहायची आणि बसने जायचं.

आपल्याकडे रांग नाही. पुण्या-मुंबईत, नाशकात, कोल्हापुरात सकाळी रिपोर्ट मिळाला तर संध्याकाळी मशीनवाला दारात मशीन घेऊन येतो, आठवडाभर वापरून बघा म्हणतो. आणि तरीही आपल्या ओळखीत विचारून पाहा, निदान झाल्यावर वर्ष-वर्ष, दोन-दोन वर्षं काहीच न केलेली माणसं निघतील. मी स्वतः आज पाचव्या महिन्यात आहे. तिकडे सरकार थांबवतं. इकडे आपणच आपल्याला थांबवतो, आणि ही रांग पुढे सरकत नाही, कारण तिच्यात एकच माणूस उभा असतो.

पैसा हे पहिलं कारण आणि ते खोटं नाही. बरं मशीन तीस-चाळीस हजारांच्या पुढे जातं, मास्क दर वर्षा-दीड वर्षाने बदलावा लागतो. आरोग्य विम्याच्या बहुतेक पॉलिसी दाखल झालेल्या रुग्णासाठी असतात. घरी उशाला ठेवायचं यंत्र त्यात बसत नाही. केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांना आणि निवृत्तांना सीजीएचएसमधून ठरावीक मर्यादेत पैसे मिळतात, बाकीच्यांनी खिशातून काढायचे. पण जे घरात तेवढ्याच किमतीचा मोबाईल सहज बदलतात तेही थांबतातच. 'आयुष्यभर लावायचं?' हा प्रश्न किमतीपेक्षा मोठा असतो. चष्मा आयुष्यभर लावतो तेव्हा कोणी हा प्रश्न विचारत नाही. चष्मा दिवसा लावतात, आणि मास्क लावून माणूस आजारी दिसतो. २०२१ च्या कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत आपण सगळ्यांनी नाकातोंडाला नळ्या लावलेले जवळचे चेहरे पाहिले, त्यातले काही परत आले नाहीत. त्या आठवणीनंतर स्वतःच्या गादीवर रोज रात्री मास्क बांधायचा, हे नुसत्या हट्टाचं प्रकरण राहत नाही.

म्हणून माणूस दुसरं काहीतरी शोधतो. पहिलं ठरलेलं वाक्य असतं: "आधी वजन कमी करून बघतो." बघावंच. विस्कॉन्सिनच्या लोकांचीच वर्षानुवर्षं नोंद ठेवली तेव्हा, वजन दहा टक्के उतरलं तर हा आकडा सरासरी २६ टक्के उतरतो, असं २००० साली प्रसिद्ध झालं. मी ८८ किलोचा. नऊ किलो घालवले तर माझे ३८ चे साधारण २८ होतील. म्हणजे तीव्रमधून मध्यमात, आणि तेही नऊ किलो उतरतील तेव्हा. गेल्या पाच महिन्यांत दोन उतरले, त्यातला एक गणपतीत परत आला. आता त्यासाठी इंजेक्शनही आहे. टिर्झेपॅटाइड या औषधाला अमेरिकेच्या औषध प्रशासनाने डिसेंबर २०२४ मध्ये लठ्ठ माणसांतल्या मध्यम आणि तीव्र अ‍ॅप्नियासाठी मान्यता दिली. चाचणीत तासाला सरासरी पन्नासच्या आसपास असलेला आकडा वर्षभरात सुमारे पंचविसाने खाली आला. कौतुकाची गोष्ट आहे. पण चाचणीतली माणसं आपल्याकडच्या सरासरी रुग्णापेक्षा पुष्कळ जाड होती, आणि ज्याच्या जबड्यामुळे घसा अरुंद आहे त्याला इंजेक्शन जबडा देत नाही.

मग वाद्यं येतात. २००६ मध्ये झुरिकच्या डॉक्टरांनी पंचवीस जणांवरचा एक प्रयोग 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये मांडला: ऑस्ट्रेलियाच्या आदिवासींचं डिजरिडू हे लांब लाकडी वाद्य चार महिने वाजवल्यावर दिवसाची पेंग आणि रात्रीचे अडथळे दोन्ही कमी झाले. त्यांना २०१७ चं शांततेचं इग नोबेल, म्हणजे गमतीदार संशोधनाला दिलं जाणारं बक्षीस, मिळालं, शेजारच्याच्या शांततेचं असावं. २०२५ मध्ये जयपूरच्या डॉक्टरांनी तेच शंखाने करून पाहिलं. मध्यम आजाराचे तीस जण, त्यातल्या काहींना आठवड्यातून पाच दिवस रोज किमान पंधरा मिनिटं शंख, सहा महिने. शंखवाल्यांची दिवसाची पेंग ३४ टक्क्यांनी कमी झाली, आणि तासाचे अडथळे सरासरी चार-पाचाने. ही बातमी व्हॉट्सअ‍ॅपवर मला सात जणांनी पाठवली. आमच्या देवघरातला शंख हिने घासून पुसून बाहेर काढला. घशाचे स्नायू व्यायामाने बळकट होतात यात काही चमत्कार नाही, आणि वाट बघण्याच्या काळात कोणी रोज पंधरा मिनिटं शंख फुंकला तर मी अडवणार नाही. फक्त अडतीसमधून पाच गेले तर तेहतीस उरतात, हे गणित सात जणांपैकी एकानेही केलं नव्हतं. रात्री तोंडाला चिकटपट्टी लावण्याची नवी टूम मात्र सरळ धोक्याची आहे. ज्याचं नाक चोंदलेलं आणि घसा मिटणारा, त्याची उरलेली वाटही ती बंद करते.

दंतवैद्याकडून खालचा जबडा पुढे धरणारी कवळीसारखी पट्टी बनवून घेता येते. सौम्य आणि मध्यम आजारात, किंवा मशीन सोसतच नाही त्यांच्यात, ती खरोखर कामाची असते. मात्र ती मापाची हवी. ऑनलाइन गरम पाण्यात बुडवून चावायच्या पट्टीने जबडाच दुखून येतो. लहान मुलांत गोष्ट वेगळी. तिथे टॉन्सिल आणि अडिनॉइड काढल्यावर बहुतेकांचं काम भागतं, आणि 'तोंड उघडं टाकून झोपतो, वर्गात लक्ष नाही' या तक्रारीमागे पुष्कळदा हेच असतं. मोठ्यांची टाळू-घशाची शस्त्रक्रिया निवडक घशांना लागू पडते. कुणाला, हे घसा पाहिल्याशिवाय सांगता येत नाही.

या मधल्या महिन्यांत जिवाला जपायचं कुठे, यावर रिपोर्ट गप्प असतो. रस्ता सर्वांत आधी. उपचार न घेतलेल्या माणसाच्या हातून अपघाताचा धोका साधारण दोन-अडीच पट असतो, आणि तो दारू प्यायलेल्यासारखा दिसत नसल्याने कोणी अडवत नाही. आपल्या परवान्याच्या फॉर्म १ मध्ये मिरगी विचारतात, भोवळ विचारतात, नजर, रंग, ऐकू येणं विचारतात. झोप विचारत नाहीत. समृद्धी महामार्गाच्या ७०१ किलोमीटर सरळसोट रस्त्यावर ज्याचा डोळा लागतो तो 'रस्त्याच्या संमोहना'चा बळी म्हणून मोजला जातो. त्यातल्या किती जणांचा घसा रात्री मिटत होता, हे कोणी पाहिलेलं नाही. मी निदानानंतर शहराबाहेर गाडी चालवणं सोडलं. हा एक निर्णय मी त्याच दिवशी घेतला, कारण सिग्नलवर मागचा हॉर्न वाजेपर्यंत हिरवा दिवा दिसला नव्हता असं माझं दोनदा झालं होतं आणि ते मी कोणालाच सांगितलं नव्हतं.

रात्रीची दारू घसा आणखी सैल करते, झोपेच्या काही गोळ्याही तेच करतात. 'झोप तुटते' म्हणून मेडिकलमधून आणलेली गोळी या आजारात उलटी पडू शकते. पाठीवर झोपलं की जीभ मागे पडते, म्हणून कुशीवर. त्यासाठी बनियनच्या पाठीला खिसा शिवून त्यात टेनिसचा चेंडू घालण्याची जुनी युक्ती आहे आणि ती हास्यास्पद दिसली तरी काहींना उपयोगी पडते. रक्तदाब दोन-तीन गोळ्यांनीही उतरत नसेल तर हे निदान त्या डॉक्टरांना कळायला हवं. आणि मोतीबिंदू असो की गुडघा, कुठलीही शस्त्रक्रिया ठरली तर भूलतज्ज्ञाला आधी सांगायचं. हे एक वाक्य सांगायला पैसे पडत नाहीत, मशीनही लागत नाही.

मशीनवाल्यांच्या बोलण्यात एक अतिशयोक्ती असते, तीही इथे नोंदवतो: 'हे लावलं की हार्ट अटॅक येणार नाही.' २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'सेव्ह' या मोठ्या चाचणीत, ज्यात भारतातलेही रुग्ण होते, आधीच हृदयविकार किंवा पक्षाघात झालेल्या २,७१७ जणांना पाहिलं गेलं. सीपॅपने त्यांच्यातले पुढचे झटके कमी झाले नाहीत. पेंग कमी झाली, मन हलकं झालं, कामावरची गैरहजेरी घटली. त्या लोकांनी मशीन रात्री सरासरी ३.३ तासच लावलं होतं, म्हणून निकाल असा आला, असं पुष्कळ तज्ज्ञ म्हणतात. असेलही. मला यातून वेगळंच दिसतं: मशीन घेणं आणि मशीन लावणं यांच्यामध्येही एक वाट पाहणं असतं. कपाटावर ठेवलेली मशीनं या देशात किती असतील!

त्या कपाटांवरची मशीनं मग विकायला निघतात, आणि स्वस्त म्हणून वाट पाहणारा तिकडे वळतो. तिथे डोळे उघडे हवेत. जून २०२१ मध्ये फिलिप्सने जगभरातली आपली लाखो मशीनं परत बोलावली होती. आवाज दाबायला आत घातलेला फोम झिजून त्याचे कण श्वासात जाऊ शकत होते. जुनं मशीन घेताना मॉडेल आणि साल विचारायचं ते यासाठी.

बाकी अडचणी आपल्या मातीतल्या. मशीनला वीज लागते, छोट्या पंख्याइतकी, पण रात्रभर; हवा ओलसर करणारी टाकी चालू असेल तर बरीच जास्त. ज्या गावात रात्री वीज जाते तिथे इन्व्हर्टरचा खर्च मशीनमध्येच धरायचा. रेल्वेने २०२१ मध्ये आगीच्या भीतीने रात्री ११ ते पहाटे ५ डब्यातले चार्जिंगचे पॉइंट बंद ठेवायला सुरुवात केली. ज्याला रात्री ११ ते ५ च मशीन चालवायचं आहे त्याने काय करावं, हा प्रश्न बॅटरीवर सोडवावा लागतो. आणि मिशी. सिलिकॉनचा मास्क भरघोस मिशीवर नीट बसत नाही, कडेने हवा फुसफुसते. नाकपुड्यांशी टेकणाऱ्या लहान उशांचा मास्क हा त्यावरचा तोडगा, पण तोंड उघडं टाकून झोपणाऱ्याला तो चालत नाही.

गुरुवारी अखेर मशीनवाला येऊन गेला. तरुण, चुणचुणीत मुलगा. त्याने माझ्या नाकाचं माप घेतलं, मिशीकडे पाहून "काका, जरा बारीक करावी लागेल" म्हणाला, मशीन उशाशी ठेवून चालू केलं आणि हिच्याकडे वळला. "काकू, तुम्हाला आता काही त्रास नाही. बघा, आवाजच नाही."

ही मशीनजवळ कान नेऊन थोडा वेळ थांबली.

"आवाज नाही ते खरं," ती म्हणाली, "पण मग रात्री यांचं सगळं ठीक चाललंय, हे मला कळायचं कसं?"

तो मुलगा गोंधळला. मग त्याने तिच्या मोबाईलवर अ‍ॅप टाकून दिलं.